शयनघरातला बुंधा

रोम, १० जानेवारी १७८६

आजपासून मी प्राचीन झालो.

हे वाक्य वहीत लिहून उर्सोलाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती कोबी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आरशात बघ सिल्वेस्त्रो, केव्हाच झालायस." बायको अशी असल्यावर माणसानं आपलं लिखाण आपल्यापुरतं ठेवलेलं बरं. तेव्हा इथून पुढे ही वही कुणालाही वाचून दाखवणार नाही.

झालं असं की जन्मभर मी ढग रंगवले. ढगांवर संत, ढगांखाली भक्त, आणि मधल्या जागेत पंखवाली गुबगुबीत बाळं. आमच्या पेठेत मला 'ढगवाला' म्हणूनच ओळखतात. पण हल्ली ढगांना गिऱ्हाईक राहिलेलं नाही. जो तो उठतो आणि जुन्या ग्रीक-रोमन लोकांची चित्रं मागतो. सरळ नाकं, सरळ चुण्या, आणि मरायला तयार असलेला एक वीर. मला एखाद्या चर्चनं बोलावून बरेच दिवस झाले. माझा मेव्हणा इग्नाझिओ तिकडे नॉर्चात डुकराच्या मांसाचं दुकान चालवतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाबरोबर त्याचा निरोप असतो: या, माडी रिकामी आहे, आणि गावातल्या सगळ्या खाटकांना दुकानावर लावायला पाट्या रंगवून हव्यात. म्हणजे मी उरलेलं आयुष्य डुकराच्या मांड्या रंगवायच्या. माणूस चांगला आहे, मनापासून बोलावतो. पण तिथे गेलो की मी चित्रकार उरणार नाही, हे मला माहीत आहे.

आणि काल मार्केझेंनी, म्हणजे वाड्यातल्या उमरावांनी, बोलावणं पाठवलं! ईस्टरनंतर त्यांच्या मुलाचं लग्न आहे. नवरा-नवरीच्या शयनघरात लावायला भिंतभर चित्र हवंय. विषय त्यांनीच दिला: लढाईला निघालेला प्राचीन वीर शयनघरात बायकोचा निरोप घेतोय. पसंत पडलं तर जेवणाच्या दालनाच्या भिंतीही माझ्याच. नाही पडलं तर नॉर्चा.

अट एकच. वीर अगदी त्यांच्या द्राक्षमळ्यात सापडलेल्या संगमरवरी योद्ध्यासारखा हवा, जसाच्या तसा.

१४ जानेवारी

आबाते प्रोस्पेरोंना भेटून आलो. हे गृहस्थ अर्धे पाद्री आणि पूर्ण पंडित. त्यांना विचारल्याशिवाय मार्केझे सूपसुद्धा पीत नाहीत. खूप वेळ बोलले. सार असं की प्राचीन माणसं हसत नसत, घाई करत नसत आणि लठ्ठ होत नसत.

"आणि मायेस्त्रो," निघताना माझा दंड धरून म्हणाले, "त्यांनी जे केलं ते उगाच केलेलं नाही. मूर्ती समोर ठेवा आणि एक केसही इकडचा तिकडे करू नका."

घरी आल्यावर मोजे काढले आणि चामड्याच्या सपाता घातल्या. जेवायला फक्त मसूर. वाइन बंद.

"प्राचीन लोक वाइन पीत नव्हते?" उर्सोलानं विचारलं.

म्हटलं, उद्या विचारून सांगतो.

१५ जानेवारी

विचारलं. पीत होते. जीव भांड्यात पडला.

२३ जानेवारी

रोज मार्केझेंच्या बागेतल्या पडवीत बसून त्या योद्ध्याचं रेखाटन करतो. थंडीनं पायाची बोटं सुजून लाल झाली आहेत. पण खरं सांगायचं तर इतका आनंद मला तरुणपणीसुद्धा झाला नव्हता.

ढगांचा एक मोठा फायदा होता. पाय काढावे लागत नसत. घोट्यापर्यंत संत आला की खाली ढग सोडून द्यायचा, काम संपलं. मला पाय येत नाहीत, हे या वयात मला समजलं. हे मी फक्त इथेच कबूल करतोय. आज दिवसभर एकच गुडघा काढला, खोडला, पुन्हा काढला, आणि संध्याकाळच्या सुमारास तो एकदम आला. कागदावर एक रेष होती आणि ती रेष गुडघा होती! मी पडवीत एकटाच नाचलो. सपातेचा पट्टा तुटला.

योद्धा देखणा आहे. उजवा हात वर उचललेला, भार उजव्या पायावर, आणि त्या पायाला चिकटून मांडीइतका उंच असा झाडाचा बुंधा. बुंध्याची साल कारागिरानं अशी काही कोरली आहे की हात लावून बघावासा वाटतो. तोही जसाच्या तसा उतरवून घेतला.

७ फेब्रुवारी

प्राचीनांचं मन कळावं म्हणून आबातेंकडून जुन्या ग्रीक कथांचं जाडजूड पुस्तक आणलंय. दुपारी उर्सोला वालाच्या शेंगा सोलत बसते तेव्हा तिला मोठ्यानं वाचून दाखवतो. आज एका राजाची गोष्ट झाली. तो लढाईला जातो आणि समुद्रावर भटकत वीस वर्षांनी घरी येतो. मी वाचून घसा कोरडा केला, आणि बाईसाहेब डोळे मिटून भिंतीला टेकलेल्या. हात तेवढे शेंगांवर चालू. अशा गोष्टी अशा श्रोत्यांपुढे वाया जातात.

२६ फेब्रुवारी

कार्निव्हल, उपवासाच्या दिवसांआधीची धमाल. जायचं नाही असं ठरवलं होतं. पण चालत्या माणसाच्या कपड्याला चुण्या कशा पडतात ते बघणं गरजेचं होतं, म्हणून गेलो. उर्सोला म्हणाली, "हो, आणि चुण्या बघायला हा मुखवटा लागतोच." तिनं तिचा जुना पिवळा झगाही घातला.

रस्ता माणसांनी फुलून गेला होता. सज्ज्यासज्ज्यांतून चुन्याच्या गोळ्यांचा मारा चाललेला. एका सज्ज्यात मार्केझेंची होणारी सून कॉस्तान्झा होती. तिनं नेम धरून आबाते प्रोस्पेरोंच्या टोपावर मूठभर गोळ्या मारल्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आकाशाकडे बघायला लागली. खालून उर्सोला खो खो हसली. पोरीनं ते पाहिलं आणि खास तिच्यासाठी दुसरी मूठ भरली. मग त्या दोघींची अशी काही जुंपली की मला मध्ये पडावं लागलं, आणि दोन्ही बाजूंनी मार खावा लागला.

मीही हसलो. प्राचीन नियमात बसत नाही, पण तोंडात चुना गेला होता.

८ मार्च

उपवासाचे दिवस सुरू झाले, आणि चित्र उभं राहिलं. मागे पलंग, डावीकडे पत्नी, मेणबत्तीसारखी ताठ आणि दुःखी. मध्यभागी वीर, हात उंच केलेला. त्याच्या पायाशी बुंधा. बुंधा तर असा उतरलाय की पाखरू फसेल.

उर्सोला एप्रनला हात पुसत आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"घरात झाड कुठून आलं?"

मी तिला समजावलं. प्राचीनांनी जे केलं ते उगाच केलेलं नाही. बुंधा म्हणजे कूळ. मुळं धरून उभा असलेला पुरुष. यात फार मोठा विचार आहे.

"मग छपराला भोक आहे का?"

"उर्सोला, हा तुझा विषय नाही."

"बरं. मी आपली केर कोण काढतं ते विचारत होते."

तिला कलेतलं कळत नाही, तो तिचा दोष नाही.

२१ मार्च

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

आज मंडळी चित्र बघायला आली. मार्केझे, आबाते, कॉस्तान्झा आणि तिची आत्या. मी चादर ओढली. कुणी काही बोलेना. मला वाटलं, भारावून गेलेत.

मग कॉस्तान्झा हसली. आधी हातरुमालात, मग उघड. "आत्या, तो निघालेला नाहीये गं, त्याचा पाय अडकलाय!"

आत्यालाही आवरेना. मार्केझेंचा चेहरा लाल झाला. "मायेस्त्रो, माझ्या मुलाच्या शयनघरात सरपण कशाला?"

मी म्हटलं, "सरकार, तुमच्याच मूर्तीत आहे. जसंच्या तसं म्हणाला होतात. आबाते साक्षीला आहेत."

आबाते खोकले. छताकडे बघत म्हणाले, "मूर्तीत बुंधा असतो तो टेकू म्हणून. दगडाचं अंग जड असतं, नुसत्या घोट्यांवर ठेवलं तर पाय मोडतील. रंगवलेल्या माणसाला काय टेकू लागतो? हे तर कुणालाही माहीत असतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे!"

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्यात कॉस्तान्झानं, तिचा हेतू वाईट नव्हता, आणखी एक काडी टाकली. "आणि मला सांगा, लग्नाच्या खोलीत निरोपाचं चित्र कशासाठी? मी रोज सकाळी डोळे उघडायचे आणि नवरा चाललाय हे बघायचं?"

मार्केझे म्हणाले, ईस्टरच्या आठवड्यापर्यंत वाट बघतो. तोवर काही जमलं तर ठीक, नाहीतर त्या भिंतीवर माझ्या आजीचा विणलेला पडदा लागेल.

२२ मार्च

दिवसभर पडून होतो. लोकरी मोजे घातले.

२५ मार्च

बुंध्यावर भिंतीचा रंग फासला. वीर पडायला लागला. खरोखर! त्याचा सगळा भार बुंध्यावर होता. तो गेल्यावर दारूच्या गुत्त्यातून बाहेर पडणाऱ्या माणसासारखा दिसतोय. रंग ओला आहे तोवर पुसला. बुंध्याच्या जागी खुर्ची काढली, तर तो भाडं मागायला आलेला वाटू लागला. कुत्रा काढला, तर कुत्र्याला लाथ घालतोय असं वाटू लागलं. ती दोन्हीही पुसली. पुन्हा बुंधा.

"एखादा ढग?" उर्सोलानं दारातून विचारलं.

मी रडायलाच लागलो. ती येऊन शेजारी बसली. माझ्या केसांतला रंग नखानं काढत राहिली. नंतर म्हणाली की इग्नाझिओचा गाडीवान ईस्टरनंतर नॉर्चाला परत जाणार आहे.

दुपारी तिनं तांब्याची भांडी फळीवरून खाली उतरवली. घासायला की बांधायला, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

२८ मार्च

उर्सोला आज मार्केझेंच्या स्वयंपाकघरात आर्टिचोकची भाजी करायला शिकायला गेली होती. आमच्या अख्ख्या पेठेला हिनं आर्टिचोक शिकवले, आणि ही शिकायला गेली! दुःखानं माणसाची बुद्धी फिरते. आली ती मात्र खुशीत दिसली.

"कॉस्तान्झा फार गोड पोर आहे."

"ती स्वयंपाकघरात काय करत होती?"

"खात होती. आणि वाचलंय रे तिनं खूप. लहानपणी तिच्याकडे शिकवायला एक म्हातारे गुरुजी यायचे."

"हल्ली सगळेच वाचतात," मी म्हटलं आणि वीराचं नाक पुसून पुन्हा काढायला घेतलं. नाकात काही दोष नव्हता. हाताला काहीतरी हवं होतं.

३० मार्च

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. सुरुवातीपासून लिहितो.

सकाळी मी पडलेल्या तोंडानं चित्रासमोर बसलो होतो. उर्सोला आली आणि सहज म्हणाली, "उद्या सुताराला बोलावलंय. आपला पलंग खोलीतून बाहेर काढून ठेवते. गाडीत आधी तोच चढवावा लागेल."

मी ताडकन उठलो. "पलंग बाहेर? कोण काढणार? कसा काढणार? लग्नाआधी मी स्वतःच्या हातानं बांधलाय तो! भिंतीत दोन पाय पुरलेत, दारापेक्षा हातभर रुंद केलाय, तोडल्याशिवाय निघणार नाही! कुणाच्या बापाची टाप आहे माझा पलंग हलवायची!"

ती हसायला लागली. हाताची घडी घालून, भिंतीला टेकून, ओठ दाबत, तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघत. मी तर संतापलेलो.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. असंच कुणीतरी ओरडलं होतं बघ. पलंगावरूनच. तू वाचत होतास तेव्हा. मला काही आठवत नाही बाई, मी आपली झोपले होते."

"तो राजा!" मी म्हटलं. "वीस वर्षांनी घरी आलेला. बायकोला खरं वाटेना की हा आपलाच नवरा आहे. म्हणून ती परीक्षा बघायला दासीला सांगते, यांचा पलंग खोलीबाहेर काढून ठेव. आणि तो ओरडतो, माझा पलंग कोण हलवणार? अंगणात ऑलिव्हचं जितं झाड होतं, त्याच्याभोवती मी भिंती बांधल्या, शेंडा छाटला, आणि जमिनीत मुळं असलेला तो बुंधा..."

आणि इथे, माझ्या वही, मला एकदम सुचलं. कुणी सांगितलं नाही, कुणी सुचवलं नाही, आभाळातून पडावं तसं.

बुंधा! शयनघरात! तो बुंधाच पलंगाचा पाय! ही गोष्ट फक्त त्या दोघांनाच ठाऊक असते, आणि त्यावरून ती त्याला ओळखते. निरोप नाही, परत येणं! लग्नाच्या खोलीसाठी याहून चांगला विषय सापडेल?

मी उर्सोलाला उचलून गरकन फिरवलं. ती म्हणाली, "किती हुशार रे तू." मग बिचारीला सगळी गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगितली. तिनं नीट ऐकून घेतली. मध्ये एकदा राजाच्या दाईचं नाव मी चुकलो तर तिनं दुरुस्तही केलं. झोपेतही माणसाच्या कानावर काही पडतच असावं.

सुताराकडे जाऊन नको म्हणून सांगतो म्हटलं, तर ती म्हणाली की त्याला अजून बोलावलंच नव्हतं. तिचं वागणं हे असं.

५ एप्रिल

जेवायचंसुद्धा भान नाही. बुंधा होता तिथेच ठेवलाय. पलंग पुढे ओढून त्याला जोडला, आता साल चढत चढत उशाच्या खांबात मिसळते. वीराचं शिरस्त्राण गेलं. त्याला दाढी दिली, उन्हानं रापलेली कातडी दिली, पोटावर थोडं मांस दिलं. वीस वर्षं भटकलेल्या माणसाला पोट असतं, आबाते काहीही म्हणोत. वर उचललेला हात तसाच आहे, फक्त आता तो 'येतो' म्हणत नाही, 'कोण हलवणार!' म्हणतो. हात तोच, आणि अर्थ उलटा. आणि पाय! दोन्ही पाय, उघडे, दहा बोटांसकट, एकही ढग नाही!

रंगवताना मी गात असतो, असं शेजारीण उर्सोलाला म्हणाली. तक्रार म्हणून म्हणाली.

१२ एप्रिल

राणी त्रास देतेय. पहिली मेणबत्ती खरवडून टाकली. नवीन राणीसाठी बागेतल्या देवीचं डोकं रेखाटून आणलं होतं, पण ते राजाशी जुळेना. त्याच्याकडे अशी बघे की जणू तो नोकर आहे. मग रेखाटन बाजूला ठेवलं आणि हात नेईल तसं रंगवत गेलो. हात घडी घातलेले, पाठ पलंगाच्या खांबाला टेकलेली, नजर तिरकी. ओठ मी तीनदा सरळ केले. तीनदा डाव्या कोपऱ्यात वर गेले. प्राचीन माणसं हसत नाहीत, हे मला पाठ आहे. पण ही हसत नाहीये, हसू दाबतेय. तेवढं चालत असावं.

हे डोकं कुठल्या मूर्तीवरून आलं ते आठवत नाही. इतक्या मूर्ती पाहिल्या, एखादी डोक्यात बसली असेल.

२० एप्रिल

चित्र मार्केझेंच्या वाड्यात पोचलं. उर्सोला नको नको म्हणत असताना तिलाही बरोबर नेलं. ती दाराजवळ उभी राहिली.

चादर मी ओढली आणि डोळे मिटले. गेल्या वेळी असंच शांत झालं होतं, आणि मग हसू फुटलं होतं. मनात नॉर्चाच्या रस्त्याचं एकेक वळण मोजलं.

पहिला आवाज आबातेंचा. "मायेस्त्रो, तो बुंधा अजून..." आणि थांबले. मी एक डोळा उघडला. ते पलंगाजवळ वाकले होते. सालीवरून बोट फिरवत वरपर्यंत गेले, राजाच्या हाताकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं. त्यांचं तोंड हळूहळू पसरलं. हा माणूस हसतो हे मला माहीत नव्हतं. "अरे वा! ऑलिव्हचा पलंग! सरकार, हा तो पलंगच आहे!"

त्यांनी मार्केझेंना गोष्ट सांगितली. कॉस्तान्झानं टाळ्या पिटल्या, आणि मला वाटतं, उर्सोलाकडे बघून एक डोळा मिटला. आर्टिचोकची ओळख इतकी पुढे जाते, हे नवलच.

"ही कल्पना सुचली कशी?" मार्केझेंनी विचारलं.

"एकदम, सरकार. आपोआप," मी म्हटलं. दाराजवळ उर्सोला मान डोलावत होती.

मार्केझे जवळ गेले, लांब गेले, आणि शेवटी म्हणाले, "हे माझ्या मुलाला दररोज दिसलं पाहिजे. मायेस्त्रो, जेवणाचं दालन कधी बघायला येता?"

मी खुर्ची धरली.

आबाते अजून चित्राला नाक लावून उभे होते. "एक विचारू? राणीचं डोकं कुठल्या संग्रहातलं? रोममधली सगळी डोकी मला माहीत आहेत. हे मी कधी पाहिलेलं नाही. असा जिवंत चेहरा! कुठे सापडलं?"

मी तोंड उघडलं. एखाद्या बागेचं, एखाद्या राजवाड्याचं नाव सांगायचं होतं. आठवेना. आठवायला म्हणून मी मान वळवली, आणि दाराजवळ ती होती. हात घडी घातलेले, पाठ चौकटीला टेकलेली, ओठ दाबलेले, आणि डावा कोपरा वर.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मूर्ती बघायला रोमभर फिरलो, थंडीत पाय सुजवून घेतले. आणि हा चेहरा रोज सकाळी माझ्यासमोर सूप आणून ठेवत होता.

"माझ्या घरात आहे," मी म्हटलं. "लग्न झाल्यापासून."

सगळे वळले. आबातेंनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि डोक्यावरचा टोप काढून तिला वाकून नमस्कार केला. कॉस्तान्झा तर उडीच मारून ओरडली. आणि उर्सोला, जिच्याकडे माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असतं, तिला एक शब्द सुचेना. कानापर्यंत लाल झाली. शालीचं टोक तोंडावर घेतलं.

घरी येताना पुलावर तिनं डोळे पुसले. मीही पुसले. तिचा हात मात्र सोडला नाही, वाटेत रिकोटा चीज विकत घेतानासुद्धा नाही, त्यामुळे सुटे पैसे काढायला खूप वेळ लागला.